वीतभर कापलेली बॅरल

मेहुण्याचं नाव निघालं की मिस्त्रीचं डोकं सणकायचं. या माणसाने त्याच्या बहिणीला नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर काढलं, वर तिचीच बदनामी केली. तेव्हापासून बहीण आणि भाची मिस्त्रीकडे, बंदूकदुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत. आणि एके दिवशी हाच गृहस्थ काही घडलंच नाही अशा थाटात रायफल घेऊन दुकानात हजर.

"बॅरल वीतभर कमी करायचीय. जड पडते."

कुणाला जड पडते, हे मिस्त्रीने विचारलं नाही. त्याच्याशी दोन शब्द जास्त बोलणंही जिवावर आलं होतं. "ठेवा," एवढंच म्हणाला.

मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. मेहुणा ज्या नेमबाजी क्लबात जायचा, तिथल्या शहाण्यांची ठाम समजूत होती, की बॅरल जितकी लांब तितका नेम पक्का. कसलं काय! बॅरल आखूड केली तर गोळीचा वेग थोडा घटतो, पण बॅरल ताठ राहते, कमी थरथरते. नेम बिघडतो तो तोंडाशी. गोळी सुटते तिथली कड एका बाजूने जराशी जरी दुखावली, की गोळी भरकटलीच. मिस्त्रीने बॅरल झकास कापली, कड लेथवर गुळगुळीत केली आणि मग तिथेच एका बाजूला बारीक कानस मारली. मेहुणा चारचौघांत तोंडावर आपटणार आणि खापर फुटणार आखूडपणावर. त्या दिवशी मिस्त्री दोन घास जास्तच जेवला.

त्याच क्लबात नेमबाजी शिकणारी भाची निवड स्पर्धेहून परतली ती तीच रायफल घेऊन. बाबांनी मैदानावरच हातात ठेवली होती. तिला पेलावी म्हणून कापून घेतलेली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"सगळे म्हणाले, बॅरल आखूड केली म्हणून नेम गेला. मी म्हटलं, माझ्या मामाने कापलीय, ती चुकायची नाही. माझाच हात कच्चा. सोडते मी आता नेमबाजी."

मिस्त्री गप्प बसला असता तर कुणालाही कळलं नसतं. पण त्याला तिच्याकडे बघवेना.

"तुझा हात पक्का आहे, पोरी. बॅरल मी बिघडवली, मुद्दाम. तुझ्या बापाची जिरवायची होती."

"मग जिरली का?"

त्याने रायफल नीट करून देण्यासाठी हात पुढे केला. तिने दिली नाही. सकाळी कपड्यांची पिशवी भरून ती बापाकडे राहायला गेली.