तोंड दाव, आवाज नको

मागांच्या शेडमधले ते विणकर, समोरचा बोलायला लागला की, आधी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवत आणि मग तेच बोट त्याच्या ओठांकडे करत. "तोंड दाव, आवाज नको."

वडगावात मागांच्या शेजारी वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. तिथं माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. माझ्या वडिलांचे माग होते, म्हणून मलाही ते येतं; पण यांच्याइतकं नाही. त्यांनी आपल्या मागाच्या वर तारेला एक गोल आरसा टांगला होता. पाठीमागं कोण काय बोलतंय, ते मागं न वळता वाचत. शेडमधल्या कितीतरी कुचाळक्या त्या आरशानं बंद केल्या.

कुचाळक्यांचा विषय बहुतेकदा तेच असत. अंगात शर्ट-पँट, केसांचा अंबाडा, एका हातात हिरव्या बांगड्या. गल्लीत कुणी अण्णा म्हणे, कुणी आक्का. ते दोन्हीला ओ देत. मालकाच्या नव्या सुनेनं एकदा चहा देताना तोंडावरच विचारलं, तुम्हाला नक्की म्हणायचं काय? "आक्का म्हण न्हायतर अण्णा म्हण, खरं च्या गार व्हायच्या आत म्हण."

कविता ते मागावरच म्हणत, नुसत्या ओठांनी. एकदा मी शेडवर साडी बघायला गेले असताना मला आरशात त्यांचे ओठ हलताना दिसले आणि मी एक ओळ वाचली. त्यांनी आरशातच मला पकडलं.

"वाचलीस व्हय गं? बरं. कुणाला सांगू नको."

मी सांगितलं. मी शाळेत शिकवते. माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी शहापुरात दरवर्षी कविता-गाण्यांची एक संध्याकाळ करतात. ती बायांची असते, आणि बाई किंवा पुरुष अशा एका खान्यात न मावणाऱ्यांचीही. मुली फलकावर तसं ठळक लिहितात. मला ते वाचून दाखवतानाही अवघडल्यासारखं व्हायचं, पण मुलींच्या लेखी मी पुढारलेली बाई होते, आणि मला ते आवडत होतं. मीच मुलींना घेऊन शेडवर गेले, त्यांना कविता म्हणायला बोलवायला.

त्यांनी बरेच दिवस टाळलं. शांत खोलीत चार माणसांपुढं स्वतःचा आवाज त्यांनी कधी काढलाच नव्हता. शेवटी मला म्हणाले, "तू मागं भिंतीला उभी ऱ्हा. तुझ्या तोंडाकडं बघून म्हणतो. वळखीचं तोंड असलं की भ्या वाटत न्हाय."

मी उभी राहिले.

इस्त्रीचा शर्ट, अंबाड्यात अबोली. ते स्टेजवर आले तेव्हा मागच्या दोन खुर्च्या हसल्या, पुढच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मला शोधलं, माझ्यावर नजर ठेवली आणि घोगऱ्या, थरथरत्या आवाजात सुरुवात केली:

"धागा तुटला की माग थांबवायचा,
ही आमची रीत..."

तेवढ्यात हॉलचे कार्यवाह माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. भले गृहस्थ, हॉल दरवर्षी आम्हाला फुकट देत. हे कोण आणलंय, बाई? लोक उठून चाललेत, असं काहीसं ते पुटपुटले. मला पुढच्या वर्षीचा हॉल दिसायला लागला. मी अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मुलींचा हट्ट हो. मला कुठं पटतंय? पुढच्या वर्षी असलं काही नसेल."

माझा आवाज कार्यवाहांच्या पलीकडं गेला नाही. आवाजाची गरजच नव्हती. स्टेजवरून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मीच तसं कबूल केलं होतं.

त्यांचा आवाज गेला. ओठ हलत राहिले. लोकांना वाटलं माईक बंद पडला. एका मुलीनं धावत जाऊन तो ठोकून बघितला, तो ठीक होता. ते थांबले नाहीत. भरल्या हॉलात शेवटच्या ओळी त्यांनी शेडमध्ये म्हणत तशा म्हटल्या, आणि त्या वाचता येणारी मी एकटीच होते.

"मी तुटलो तवा
माग चालूच हुता."

मग नमस्कार करून खाली उतरले. मी चहा घेऊन गेले. माझ्या हातून कप घेतला, तेवढी माणुसकी त्यांनी ठेवली. म्हणाले, "मागाजवळ वाढलीस, खरं तोंड झाकायला शिकली न्हाईस बघ."

ते हसलेही. मला हसता आलं नाही, आणि माफीही मागता आली नाही. मुलींना मी सांगितलं, भीतीनं आवाज बसला.

महिन्याभरात ते शेड सोडून गेले. इचलकरंजीला कुठल्याशा मागावर आहेत म्हणतात. नक्की कुणालाच माहीत नाही. हॉल आम्हाला पुढच्या वर्षीही मिळाला. यंदा मुलींनी विचारलं, बाई, त्यांना परत बोलवू या का? तेव्हा मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतेय. एका मुलीनं माझ्या हातातला कार्यक्रमाचा कागद काढून घेतला.

परवा शेडवर गेले होते. त्यांच्या मागावर आता दुसराच कोणी असतो. आरसा तसाच आहे, त्यावर सुताचा कोंडा बसलाय. मी तो पदरानं पुसला. खडखडाट चालू होता. त्या संध्याकाळी मला त्यांना म्हणता आलं नाही, ते मी तिथं उभी राहून म्हणाले, त्यांच्यासारखंच, आवाज न काढता.

आरशात माझे ओठ हलत होते. शब्दन् शब्द वाचता येत होता.