थोडी काजळी चालेल

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात पाया लेबार स्टेशनवर मेट्रोतून उतरून ऑफिसकडे निघाले होते. "हे गेले गं," त्या म्हणाल्या. "चहा घेतला, पेपर उघडला... आणि मान टाकली." मी तिथल्याच बाकावर बसून राहिले. श्रीकांतदादांना जाऊन आता सहा आठवडे झाले.

दादा आंग मो किओला आमच्याच इमारतीत, चार मजले वर राहायचे. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला मरीन इंजिनिअर. निवृत्तीनंतर पिस्तूल नेमबाजी शिकले आणि ऑफिसच्या खुर्चीला कंटाळलेल्या मलाही क्लबात घेऊन गेले. माझा हात थरथरला की म्हणायचे, "घाई कुणाला आहे? श्वास सोड, मग बघू."

हे वेड मुळात त्यांच्या थोरल्या भावाचं. मधुअण्णा ॲरिझोनात असतात, पत्नी गेल्यापासून एकटेच. वापरलेली पितळी काडतुसं साफ करायची, गॅरेजात बसून त्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरायची आणि रेंजवर जाऊन ती झाडायची, हा त्यांचा आठवडा. सिंगापुरात एक काडतूसही क्लबाबाहेर आणता येत नाही, त्यामुळे दादांचा सगळा सहभाग फोनवरचा. वहिनी म्हणायच्या, "दोघांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि बोलणं ऐकावं तर सगळं दारूचं."

तीन वर्षांपूर्वी अण्णांना दमा जडला. बंदिस्त रेंजमधला धूर सोसेना. मुलीने सांगितलं, सामान विकून टाका. दादा अस्वस्थ झाले. "हेही काढून घेतलं तर तो दिवसभर करील काय?" चिमणीचा धूर बघून इंजिनची तब्येत सांगणारा माणूस तो. स्वच्छ जळणारी दारू शोधायचं त्यांनी मनावरच घेतलं. पुस्तिका वाचल्या, कंपन्यांना ईमेल पाठवल्या आणि शेवटी विमानात बसले.

तिथे दोघा भावांनी चार प्रकारच्या दारू आणून काडतुसं भरली. प्रत्येक प्रकार झाडून झाला की पिस्तुलाच्या नळीतून पांढरं फडकं फिरवायचं आणि टेबलावर मांडायचं. एक फडकं जवळजवळ पांढरंच निघालं. अण्णा खूश झाले, पण दादांनी नेमकी तीच दारू बाजूला सारली. परतल्यावर त्यांनी मला कारण सांगितलं.

"ती इतकीशी लागते की एकाच काडतुसात चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. पिस्तूल हातातच फुटायचं. आणि अण्णाला आता नीट दिसत नाही गं. तो बोलला नाही, पण माझा चहा त्याने कपाबाहेर ओतला."

म्हणून त्यांनी दुसरी निवडली. फुगीर दारू, निम्म्याहून अधिक काडतूस भरणारी. दुसऱ्यांदा पडली तर सांडतेच. धूर जुन्या दारूपेक्षा पुष्कळच कमी. "थोडी काजळी चालेल," ते म्हणाले. अण्णांना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "हिने नेम चांगला बसतो."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, म्हणजे अण्णांच्या शनिवारी दुपारी, व्हिडिओ कॉल असे. दारू घातलेल्या काडतुसांचा ट्रे अण्णा दिव्याखाली धरत आणि गोळ्या बसवण्याआधी दादा एकेक काडतूस निरखून बघत. "मला इथे हे करता येत नाही, निदान बघू तरी दे," असं निमित्त सांगत.

दादा गेल्यावर दम्यामुळे अण्णांना येता आलं नाही. तीन रविवार त्यांनी गॅरेज उघडलंच नाही. चौथ्या रविवारी वहिनींनी मला वर बोलावलं. फोनवर अण्णा होते.

"श्रीकांतला वाटायचं, तो कशासाठी बघतो ते मला कळत नाही," ते म्हणाले. "डोळ्यांचं त्याला कळलंय, हे मला तेव्हाच समजलं होतं. पण त्याला बघायचं असे, म्हणून मी दाखवत राहिलो." मग त्यांनी विचारलं, "तू बघशील का?"

मी दादांच्या खुर्चीत बसले. अण्णांनी ट्रे दिव्याखाली धरला. तिसऱ्या ओळीतलं एक काडतूस मला काळंभोर, खोल दिसलं. त्यात दारू पडलीच नव्हती. मी सांगितलं. त्यांनी चाचपत ते उचललं, भरलं, परत जागेवर ठेवलं आणि ट्रे पुन्हा माझ्यासमोर धरला.

"झालं का गं?" वहिनींनी मागून विचारलं.

"अजून दोन ओळी आहेत," मी म्हटलं.

त्या चहा टाकायला आत गेल्या.