‘अनोळखी’ नावाचं फोल्डर

बाबा घरातून निघून गेले तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि आई अंघोळीला गेली होती. त्यांना विसरण्याचा आजार जडल्यापासून आम्ही दाराला वरून कडी लावायचो. ती त्यांनी कशी काढली, कोण जाणे. त्र्यंबकला जायचंय, असा त्यांनी त्या दिवसांत धोशा लावला होता, म्हणून आम्ही त्याच बाजूला शोधत राहिलो. देवळाभोवतीच्या दुकानांत, धर्मशाळांत त्यांचा फोटो दाखवत फिरलो. इगतपुरी कुणाच्या डोक्यातच आली नाही.

थंडी सरत आली तेव्हा तिथल्या रेल्वे पोलिसांचा फोन आला. बेवारस मृतदेहांचे फोटो एकदा बघून जा, म्हणाले. मी काकांना घेऊन गेले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते दाराशीच खुर्ची ओढून बसले.

“तूच बघ. मला नाही जमणार.”

हवालदार माझ्याहून लहानच असावा. त्याने कॉम्प्युटरवर ‘अनोळखी’ नावाचं फोल्डर उघडलं. काडेपेटीएवढ्या फोटोंच्या ओळी पडद्यावर आल्या.

“ताई, आधी असेच बघा. फक्त कपडे बघा. ओळखीचं वाटलं तरच मोठा करतो. सगळे मोठे करून बघितले तर नंतर झोप लागत नाही.”

मी कपडे बघत गेले. निळा शर्ट, चौकड्यांची लुंगी, कुणाची तरी साडी. एवढ्या लहान आकारात माणसं गाठोड्यांसारखी दिसत होती. तो माउसचं चाक सावकाश फिरवत होता. एका ओळीत तपकिरी स्वेटर दिसला. गळ्याशी पांढरी पट्टी. आईने विणलेला.

“पुढे,” मी म्हणाले.

पुढच्या ओळी सरकल्या. त्यात काय होतं, मला सांगता येणार नाही.

“दादा, जरा मागे घ्या.”

“कोणता?”

मी पडद्यावर बोट ठेवलं. फोटो आधी धूसर उघडला, मग एकदम स्वच्छ झाला. बाबाच होते. दाढी वाढलेली, तोंड किंचित उघडं. मागे काका रडायला लागले. मी काही बोलले नव्हते, तरी त्यांना कळलं.

फलाटाच्या टोकाच्या बाकावर एका सकाळी सापडले होते. थंडीने गेले असावेत, असं हवालदार म्हणाला. कुणीच न आल्यामुळे अंत्यसंस्कारही उरकून झाले होते. बघायला म्हणून आता तो फोटोच उरला होता.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, “मला घेऊन चल.”

“नको ना आई.”

“माझ्या माणसाला मी बघू नको?”

दुसऱ्या दिवशी ती त्याच कॉम्प्युटरसमोर बसली. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. मग हवालदाराला म्हणाली, “अजून मोठा होतो का हो?” त्याने केला. तिने कमरेपाशी बोट नेलं.

“ही शाल आमची नाही.”

खरंच, पायांवर एक विटकी हिरवी शाल होती, कडा नीट खोचलेल्या. मला ती आदल्या दिवशी दिसलीच नव्हती.

“कुणी घातली?”

“माहीत नाही, आजी. सापडले तेव्हा अंगावर होती.”

आईला त्या माणसाला भेटायचं होतं. आम्ही फलाटावर हमालांना विचारलं, झाडणाऱ्या बाईला विचारलं. शाल कुणाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. चहावाला मात्र म्हणाला, “ते बाबा ना? रोज दिसायचे. चहा दिला की घ्यायचे. आम्हाला वाटलं, घरचे येतील न्यायला.”

“रोज म्हणजे?” आईने विचारलं. “किती दिवस होते इथे?”

तो स्टोव्हची वात खालीवर करत राहिला. “झाले असतील आठेक दिवस, मावशी.”

मग त्याने न विचारताच बाक दाखवला. आई तिकडे गेली नाही. परतीची गाडी येईपर्यंत आम्ही दोघी जिन्याशी उभ्याच राहिलो.