जस्ताचा पत्रा आणि सोन्याची पानं

मुंबईहून एम.एस्सी. होऊन उरणला घरी आलो, तेव्हा गावात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. म्हणजे बोलायचे सगळेच, पण मिठाचा भाव आणि कुणाचं लग्न ठरलं, एवढंच. मिठागरावर मुकादम असलेले वडील वारले म्हणून यावं लागलं होतं. घरात मी आणि आई. इतकं एकटं मला मुंबईच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

आमचे प्रोफेसर क्ष-किरण पाडून अणूंतून उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग मोजत. वेगावरून तो अणू कोणत्या मूलद्रव्याचा, ते ओळखता येतं. त्यांना मदतनीस हवा होता. निघताना म्हणाले, "घरी एक साधा प्रयोग करून पाठवा. नीट जमला तर जागा तुमची." त्या जागेवर माझा सगळा जीव टांगला होता.

प्रयोग असा: काचेच्या बरणीला वीज न वाहणाऱ्या मेणाचं बूच, त्यातून पितळी दांडी, खाली तिला सोन्याच्या वर्खाची दोन पानं, वर घासलेला जस्ताचा पत्रा. विजेचा ऋण भार दिला की पानं फाकतात. पत्र्यावर ऊन पडलं की जस्तातून इलेक्ट्रॉन उडतात, भार सरतो, पानं मिटतात. रोज सकाळी आईनं धुतलेल्या फडक्यानं मी बरणी, बूच लख्ख पुसायचो आणि अंगणात मांडायचो. शेजारी चिडवायचे, "काय मास्तर, सूर्य गावला काय?" चिडवू देत! पानं झरझर मिटत होती. मी हरखून पंधरा दिवसांचे आकडे प्रोफेसरांना धाडले.

उलट टपाली एकच ओळ आली: "अंधारात किती वेळ लागतो?"

अरे देवा! ते मी करून पाहिलंच नव्हतं. असला गाढव मी! भरदुपारी खोली बंद केली, खिडकीवर घोंगडी टाकली, पानांना भार दिला. थोड्या वेळानं विजेरी लावून पाहिलं. उन्हात लागायचा तेवढ्याच वेळात पानं मिटलेली.

आमच्याकडे धुणं मिठागराच्या बांधावर वाळत घालतात. खारा वारा कापडात मुरतो. तेच फडकं मी रोज बुचावर फिरवत होतो. मिठाचा थर ओल धरायचा आणि सगळा भार त्यातूनच निसटायचा. परक्या माणसाला ते बोट लावताच कळलं असतं. आम्हाला कुठलं कळायला, जन्मापासून अंगावर तेच!

खोटे आकडे लिहायचा मोह झाला, कशाला लपवू? दोन दिवस पत्रं लिहून फाडली. शेवटी खरं ते कळवलं. उत्तर सभ्य होतं. जागा दुसऱ्याला दिली होती.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आता तू जायाचा न्हायस?" आणि तिचा चेहरा असा उजळला की माझं टाळकंच सरकलं.

"तुला आनंद झालाय!" मी ओरडलो.

तिनं नाकारलं नाही. "एकटीला करमत न्हाय रे," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी खीर केली होती. मी भरल्या ताटावरून उठलो. दारातून वळून पाहिलं, तर ती खाली मान घालून एकटीच जेवत होती. रोज तशीच जेवायची ती. माझं ताट झाकून ठेवायची आणि मी अंगणात आकडे लिहीत बसायचो. ते मला तेव्हा कळलं. तरीही मी आत गेलो नाही.