भिंतीला टेकलेली माणसे

कळीचा चुना पाण्यात पडला की क्षणभर काहीच होत नाही. मग तळातून चर्र असा अस्फुट आवाज येतो, विस्तवावाचून पाणी खदखदू लागते, आणि पांढऱ्या वाफेबरोबर एक कोरा, तुरट, किंचित घशाला लागणारा गंध अंगणभर पसरतो. भाद्रपदात आमच्या वडवणीत हा गंध दारोदार असतो. महालक्ष्म्या बसायच्या असतात, त्यांच्यामागून नवरात्र येणार असते, आणि सिमेंटच्या चार-दोन इमारती सोडल्या तर गावातल्या सगळ्या जुन्या भिंती पुन्हा एकदा उजळून निघायच्या असतात. तुम्हाला असे होते का हो, की डोळे टक्क उघडे आहेत आणि तरी एखाद्या वासाने त्यांच्यावर झापड यावी? मला होते. त्या वासाबरोबर मला ऐन दुपारच्या निर्मनुष्य गल्ल्या दिसू लागतात, आणि त्या गल्ल्यांतून भिंतीला पाठ टेकून निवांत बसलेली, आता या जगात नसलेली माणसे दिसू लागतात.

ही माणसे माझ्या स्वप्नातली नव्हेत, साऱ्या गावाने ती पाहिली आहेत. चार-पाच वर्षांपूर्वी सायकली दुरुस्त करणाऱ्या करीमभाईच्या दुकानाच्या भिंतीवर पहिले चित्र उगवले. उगवले असेच म्हणायला हवे, कारण लावणाऱ्याला कुणी पाहिले नव्हते. चुलीतला कोळसा, थोडा गेरू, कडेला निळीचा एक फिकट हात, एवढ्यावर काढलेला एक म्हातारा. एक गुडघा उभा, त्यावर सैल सोडलेला हात, मान जराशी डावीकडे कललेली. चेहरा कोराच. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. आणि तरीही करीमभाई हातातला पाना तसाच धरून म्हणाला की अब्बा असेच बसायचे. त्या दिवसापासून त्याने त्या भिंतीला कधी सायकल टेकवली नाही.

मग एकेक चित्र येत राहिले. किराणा दुकानाच्या ओट्यावर मेथी निवडणारी एक आजी. बाजारतळाशेजारी पाय पसरून बसलेला एक हमाल. तेलगावच्या रस्त्याला लागायच्या आधी जे शेवटचे घर आहे, त्याच्या भिंतीपाशी मांडीवर मूल घेऊन बसलेली एक बाई. प्रत्येकाचा चेहरा कोरा, आणि प्रत्येकाला त्याच्या माणसांनी ओळखलेले! माणूस कशाने ओळखू येतो? आपण आयुष्यभर आरशात चेहरा न्याहाळतो, तोच जपतो, त्यालाच पावडर लावतो; आणि मागे राहणाऱ्यांच्या मनात मात्र राहते ती आपली बसायची तऱ्हा, खांद्याचा उतार, मानेचा कल. हे ज्याला कळले तो कोण असेल, या प्रश्नाने गावाला काही काळ दुसरे काही सुचू दिले नाही.

तर्कांना काय तोटा! कुणी म्हणे संभाजीनगरहून कोणी कलाकार मोटारसायकलवर येतो. कुणी म्हणे कपिलधारला आलेला एक बैरागी आहे, तो धबधब्याखाली बसतो आणि त्याला गेलेली माणसे दिसतात. तरुण पोरांनी रात्र-रात्र पाळत ठेवली, डास तेवढे भेटले. अखेरीस गावाने आपल्या सोयीचा निकाल लावला. गावात चित्रकला येणारा माणूस एकच, बत्तीस वर्षे शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला. म्हणजे मी.

इथे मला खरे बोलू द्या. पहिल्यांदा मला कुणी विचारले तेव्हा मी "छे, छे" म्हणालो. पण नकार नकारासारखा द्यावा लागतो. माझा नकार ओठांवर होता आणि डोळ्यांत मंद हसू होते, आणि लोक हसूवर विश्वास ठेवतात. बत्तीस वर्षे मी पोरांकडून टेबलावरचा तांब्या, केळी आणि घडी पडलेला रुमाल काढून घेतला. माझे स्वतःचे म्हणावे असे एकही चित्र कुणाच्या लक्षात राहिले नाही. आणि आता रस्त्याने जाताना माणसे थांबून नमस्कार करत होती. आयत्या बिळावर नागोबा व्हायला विष लागत नाही, थोडेसे मौन पुरते.

असे करता करता गेल्या वर्षी तेलगावच्या एका गणेश मंडळाने माझा जाहीर सत्कार ठरवला. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाआधी 'भिंतींना बोलते करणारे' असे छापून आले. आता सत्कारात बोलावे लागणार, आणि बोलायचे तर चित्रे कशी सुचतात, कशी काढतो, हे सांगावे लागणार. तेव्हा कुठे मी ती चित्रे नीट पाहायला निघालो. एवढी वर्षे त्यांचे श्रेय घेत होतो, पण त्यांच्याजवळ कधी गेलो नव्हतो, याची लाज तेव्हा वाटली नाही, आज वाटते.

करीमभाईच्या भिंतीशी वाकून मी त्या कोऱ्या चेहऱ्यावर बोट फिरवले. बाकी भिंतीचा चुना बोटाला लागत होता, तेवढीच जागा गुळगुळीत होती, पिवळसर आणि किंचित तेलकट. आजीच्या चित्रात तेच. हमालाच्या चित्रात तेच. प्रत्येक डोक्याच्या जागी तेलाचा एक जुना, गोल, हट्टी डाग! वर्षानुवर्षे एकाच जागी डोके टेकून बसलेल्या माणसाच्या केसांचे तेल भिंतीत मुरते आणि त्यावर चुना धरत नाही. किती हात मारा, चार दिवसांनी डाग वर येतो. म्हणजे ती डोकी कुणी काढलेलीच नव्हती. ती भिंतीत होती. कुणीतरी त्यांना फक्त खांदे दिले होते, हात-पाय दिले होते आणि बसायला जागा दिली होती.

आणि गावातल्या प्रत्येक भिंतीचा प्रत्येक डाग कुणाला पाठ असणार? जो त्या भिंतीवरून वर्षानुवर्षे हात फिरवतो त्याला. मी गयाबाईला शोधत निघालो.

गयाबाई म्हणजे गावात चुना मारणारी. साठीच्या पलीकडची, काटक, डोईला फडके बांधलेले, कोपरापर्यंत पांढरी. तिला मी पन्नासदा पाहिले असेल आणि एकदाही पाहिले नसेल. भर दुपारी, सारे गाव दारे लोटून पडलेले असताना, मागच्या गल्लीत ती एका भिंतीसमोर उकिडवी बसली होती. बादली शेजारी होती, कुंचा बादलीत होता, आणि तिच्या हातात कोळसा होता. पोरे रात्री पहारा देत होती आणि ती दिवसाढवळ्या काढत होती. चुन्याची बादली घेतलेल्या बाईकडे कोण बघतो? मला पाहून ती दचकली नाही. एका खांद्याची रेघ पुरी केली, कोळसा पदराच्या गाठीत बांधला आणि मग माझ्याकडे वळली.

हळूहळू तिने सगळे सांगितले. डाग जात नाही म्हणून घरोघरच्या बायका तिलाच बोल लावायच्या, हात हलका आहे म्हणायच्या. ती तिसरा हात मारायची, चौथा मारायची, तरी डाग यायचाच. एके दिवशी करीमभाईच्या भिंतीवरचा डाग असाच चुन्यातून वर आला, आणि तिला वाटले की म्हातारा बाहेर येऊ बघतो आहे आणि आपण त्याला सारखे आत ढकलतो आहोत. मग ती म्हणाली येऊ दे. कोऱ्या चेहऱ्याचे कारणही साधे होते, तिला नाक-डोळे काढताच येत नाहीत. आणि दर वर्षी सणाच्या आधी घरमालकाने सांगितले की ती आपल्याच हाताने आपली चित्रे पांढरी करून टाकते, मजुरी घेते आणि पुढच्या दाराला जाते. जी काही टिकली आहेत, ती मालकांनी तेवढी जागा सोडायला सांगितली म्हणून.

मी भारावलो, आणि माझ्या मनाची टोचणीही मला सोसवेना. मी तिला सांगितले की उद्या सत्कारात व्यासपीठावरून तुमचे नाव घेणार, शाल तुमच्या खांद्यावर घालायला लावणार. तिने जायला उचललेली बादली पुन्हा खाली ठेवली.

"न्हाई गुरुजी, माझं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "लोकांला वाटतंय, आपलं मानूस आपन होऊन येऊन बसलंय. गयानं काडलं म्हनलं की मग निस्तं चित्तर उरंल."

मी म्हणालो, मग मी निदान एवढे तरी सांगतो की ही चित्रे माझी नाहीत.

"मग हुडकतील की. तुमचं नाव हाय तवर मला कोन हुडकत न्हाई. आता घ्या ती शाल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! खोटे बोलून मिळवलेला मान सोडायची तयारी केली, तर तोच मान सांभाळणे हे माझे कर्तव्य होऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेलगावात मी शाल घेतली, नारळ घेतला. बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो की मी काही केलेले नाही, जे होते ते भिंतीतच होते. अक्षरन् अक्षर खरे होते. लोकांना तो माझा विनय वाटला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडवाच्या टोकाला, बायकांच्या गर्दीत, गयाबाई उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती, मनापासून. मला इतके एकटे कधी वाटले नव्हते.

पितृपक्षाच्या अखेरीस ती माझ्या घरी चुना मारायला आली. माझी पत्नी सुमन जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. एवढ्या घरांतली माणसे भिंतीवर आली, पण माझ्या भिंतीवर सुमन कधी आली नव्हती, आणि हे मला आतल्या आत खुपत होते. ओट्यावरची भिंत समोर येताच मी तिला विनवले, अगदी लहान होऊन विनवले, की इथे सुमनला काढा. तिने नकारार्थी मान हलवली. गावात ही एक भिंत आपण मुद्दाम सोडली, असे म्हणाली. कारण विचारले तर मला म्हणाली,

"हितं काडनारा घरात हाय की. डाग तरी बगितला का कधी?"

मी कशाला बघितला असेल! मला वाटे सुमन दारापाशी बसायची. दारापाशी डाग नव्हता. गयाबाईने माझे मनगट धरले आणि हात भिंतीवरून सरकवत पार टोकाला, खिडकीच्या चौकटीला लागून नेला. तिथे ती गुळगुळीत, गार जागा होती. ओट्याच्या त्या टोकाला सकाळी ऊन येते, बसायला ती जागा मुळीच चांगली नाही. मी आत खुर्चीत बसून रोज मोठ्याने पेपर वाचायचो, माझी जुनी सवय. सुमन बाहेर धान्य निवडत असायची. ऐकते आहे की नाही, हे मी कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही.

"बाई खिडकीला कान लावून बसायच्या," गयाबाई म्हणाली, आणि तेवढा तुकडा सोडून तिने बाकीची भिंत पांढरी करायला घेतली.

मी तीन दिवस त्या डागासमोर बसलो. खांदे आठवेनात. हात कुठे असायचे ते आठवेना. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायको कशी बसायची ते मला ठाऊक नव्हते! तांब्या आणि केळी मी डोळे मिटून काढली असती. मग ऐकणारा माणूस कसा बसेल, एवढाच विचार करून मी कोळसा टेकवला. मान खिडकीकडे वळवली. सुपावरचा हात मध्येच थांबलेला काढला. तो हात वाकडा आला, खांदा जड झाला, पदराच्या चुण्या रुमालाच्या घडीसारख्या झाल्या. पुसला नाही. रडू आले, तेही आवरले नाही.

सकाळी येता-जाता लोक थांबले. करीमभाई सायकल उभी करून चित्रापाशी वाकला आणि माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला, "गुरुजी, हे तुमच्या हातचं न्हाई वाटत. तुमची कुणीतरी नक्कल केली."

मी म्हणालो, असेल. तो गेल्यावर आतून पेपर आणला, सुमनच्या शेजारी ओट्यावर उन्हात बसलो, आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागलो.