चंद्रकळेचं वाण

धोंड्याचा महिना लागला आणि निंबोल्याचा सुकलाल बऱ्हाणपुरात लेकीच्या घरी आला. येताना केळीचा एक घड आणला आणि मनात एक घोर. घड ओसरीवर टेकवला. घोर मात्र त्यानं मालूला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितला.

"जावयाले काय देऊ माय? अनारसे तुही माय करून धाडते. पण सोबत एखादी वस्तू पाहिजे ना. शेतकरी जावई असता तर इळा देला असता. दुकानदार असता तर तराजू. ह्या फोटोवाल्याले काय देतात?"

"धोतर द्या."

"धोतर कंट्रोलात. कार्डावर मिळते ते माह्याच अंगाले पुरत नाही." सुकलालनं पुढच्या खोलीकडे मान वळवली. तिथं जावई चुडामण कॅमेऱ्याची भिंगं पुसत होता. "दिवा द्यावा म्हटलं, तर ह्या माणसाले अंधार लागते!"

मालू तोंडावर पदर घेऊन हसली. मग म्हणाली, "मी पाहते अप्पा. तुम्ही खर्चात पडू नका."

ती असं म्हणाली, कारण तिला बापाची कुवत ठाऊक होती, आणि स्वतःची जागाही. ती चुडामणची दुसरी बायको. पहिली कमल, स्वराज्य यायच्या आदल्या उन्हाळ्यात पटकीनं गेली. मालू लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं, मथुराबाईनं, तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली चांदीचा टाक बांधला होता. सवतीचा टाक. सोनाराच्या ठशातली उभी बाई, नाक नाही, डोळे नाहीत. "हा काढायचा नाही पोरी," मथुराबाई म्हणाली होती. "आधी तिला नैवेद्य, मग तू जेवायचं. ती रागावली तर घर रागावते." तेव्हापासून मालू कूस बदलायची तेव्हा टाक हळूच घरंगळून दुसऱ्या बाजूला जायचा, जणू तीही कूस बदलत होती.

राजपुऱ्यातल्या त्या घराची पुढची खोली म्हणजे फोटोचं दुकान. छपरात काचेची कौलं बसवलेली, खाली एक खुर्ची, मागं रंगवलेल्या खांबांचा पडदा. त्या वर्षांत गिऱ्हाईक फार चमत्कारिक यायचं. सिंधमधून आलेली माणसं सरकारी कागदांसाठी फोटो काढून न्यायची, आणि पलीकडे जाणारी माणसंही त्याच खुर्चीवर बसून, तशाच कागदांसाठी. होळकरी मुलूख नव्या राज्यात विलीन झाला होता. तिथले जुने कारभारी पागोटं, पट्टा, बिल्ला असा सगळा साज चढवून शेवटचा फोटो काढायला यायचे. चुडामण सगळ्यांना तेच सांगायचा, "हलू नका." आणि ती माणसं हलायची नाहीत, जणू हलली की आहे तेही जाईल.

अवघ्या गावाचे चेहरे त्यानं काचेवर उतरवले होते. फक्त कमलचा एकही नव्हता. ती मागायची तेव्हा तो म्हणायचा, घरच्यांचे काय फोटो, रोज तर दिसतात. हे मथुराबाईनंच मालूला सांगितलं होतं.

जावयाला काय द्यावं, म्हणून मालूनं बरीच चौकशी केली. काचेवरची धूळ झाडायचा मऊ ब्रश, अंधारखोलीतल्या दिव्याची लाल चिमणी, औषधाची चिनी मातीची थाळी. ठेसनाकडच्या जुन्या सामानवाल्यानं ज्याचा भाव सांगितला ते तिनं लगेच खाली ठेवलं. मग तिच्या ध्यानात आलं की नवऱ्याची खरी अडचण ती रोज बघते आहे. कॅमेऱ्याच्या मागं उभं राहून तो डोक्यावर काळा कपडा घ्यायचा; पेटीच्या पाठीला लावलेल्या दुधी काचेवर समोरचं माणूस अंधुक उमटायचं, ते त्या अंधारातच दिसायचं. पण कपड्याला उंदरांनी भोकं पाडली होती. आत उजेड घुसायचा आणि चुडामण आतूनच उंदरांच्या सात पिढ्या उद्धरायचा.

काळा कपडा. जाड, घट्ट विणीचा. गावात घरोघरी माग खडखडत होते, पण बिनकार्डाचा काळा वार कुणी देईना.

घरात मात्र होता. निजायच्या खोलीतल्या ट्रंकेत, तळाशी, कमलची चंद्रकळा. संक्रांतीला चुडामणनंच घेऊन दिलेली, काळीभोर, लाल काठाची. मथुराबाई वर्षातून एकदा तिला ऊन दाखवायची आणि कापूर घालून परत ठेवायची. एरवी ट्रंक बंद असायची. तरी दुपारी घर निवांत झालं की मालूला कापराचा वास यायचा. ती उठून बघायची. कडी लावलेली असायची.

मालूनं चंद्रकळा घेतली ती पैसे वाचवायला, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. वस्त्राचे तुकडे झाले की बाई सुटते, असं तिला वाटलं. सासू देवळात गेली असताना तिनं कात्री चालवली. लाल काठ उसवून चुलीत घातले. काळं अंग दुहेरी करून शिवलं, कडेला दोरा भरला. काम संपलं तेव्हा ट्रंक रिकामी होती आणि मालूला फार दिवसांनी हलकं वाटलं.

वाणाच्या दिवशी सुकलालनं जावयाला पाटावर बसवून अनारशांचं ताट पुढं केलं. त्यावर दिवा, आणि बाजूला घडी घातलेला कपडा.

"जावईबापू, गोड मानून घ्या. तुमच्या त्या पेटीचं पांघरूण हाय."

मथुराबाईला मोतीबिंदूमुळे धुरकट दिसायचं. तिनं कपडा चिमटीत धरून चोळला. "ईवाई, हे सूत मले ओळखीचं लागते."

"बऱ्हाणपुरचंच सूत ईनबाई, अनोळखी कसं असंन?" सुकलाल हसला. त्याला काही माहीत नव्हतं. मालू खाली बघत राहिली.

चुडामणनं कपडा उचलला आणि मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे कारभारी आले. पागोटं सावरून खुर्चीत बसले. मालू दाराच्या पडद्याआडून बघत होती. चुडामणनं नवा कपडा डोक्यावर घेतला, आणि तो बाहेर येईचना.

"अहो फोटोवाले," कारभारी बसल्या जागेवरून म्हणाले, "डोळा लागला काय आत? हे पागोटं उतरवायचा हुकूम यायच्या आत आटपा बुवा!"

चुडामण बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. फोटो काढून त्यानं गिऱ्हाईक वाटेला लावलं. जुना कपडा तो खिळ्यावर फेकायचा. हा त्यानं दोन्ही हातांवर घेतला, छातीशी धरला आणि लुगड्याची घालतात तशी चौपदरी घडी घातली.

"कपडा चांगला हाय," तो मालूला म्हणाला. तिच्याकडे न बघता.

त्यानं ओळखलं होतं. ओरडला असता, बापाचा उद्धार केला असता, हात उगारला असता तरी मालूला बरं वाटलं असतं. तो भिंगं पुसत बसला. आणि मालूला आपण काय करून बसलो ते उमगलं. सवतीला घराबाहेर काढायला निघाली होती, आणि तिला स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या डोक्याभोवती गुंडाळून दिलं होतं.

तेव्हापासून दुपारी, गिऱ्हाईक नसतानाही चुडामण पुढच्या खोलीत उभा असायचा. समोर रिकामी खुर्ची. मालू पडद्याच्या फटीतून बघायची. कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय, त्याचे पाय, आणि वर काळी चंद्रकळा. पाठमोरी एक बाई वाकून काहीतरी शोधते आहे, असं दिसायचं. तिला सांगायचं होतं, बाई, इथं काही नाही. पण गळ्यातला टाक थंड पडायचा.

एका दुपारी ती पडदा सारून आत गेली.

"कोण दिसते त्यात?"

कपडा हलला. "खुर्ची."

"नुसती?"

"उलटी. ह्या काचेवर सगळं उलटं दिसते. खाली डोकं, वर पाय."

मालू जाऊन खुर्चीवर बसली. "मग माहा काढा एक."

चुडामणनं डोकं बाहेर काढलं. "वेडी झाली काय? काचा किती महाग झाल्या. आन घरच्यांचे काय फोटो…"

"रोज तर दिसतात," मालूनं वाक्य पुरं केलं. "तिलेबी हेच म्हणे ना तुम्ही?"

कौलांवरून कबुतरं उडाली, त्यांच्या सावल्या भिंतीवरून सरकत गेल्या. चुडामणनं कपडा बाजूला सारला. मग अंधारखोलीत जाऊन औषध लावलेली काच भरून आणली आणि पुन्हा कपड्याखाली शिरला.

"पदर थोडा मागं. अशी… हनुवटी खाली." आतून येणारा आवाज मऊ होता. तिनं तो कधी ऐकला नव्हता. "अजून थोडी. हां, बस, कमल."

मालू तशीच बसून राहिली. हनुवटी खाली, हात मांडीवर. उठून जावं असं वाटलं. पण उठली असती तर खुर्ची कमलचीच झाली असती.

मग चुडामण म्हणाला, "उलट्या माणसाचा चेहरा कोणाचाबी वाटते."

"बाहेर या ना मग."

बाहेर यावं लागणारच होतं. दुधी काच काढून तिच्या जागी औषधाची काच घातली की कपड्याचं काम संपतं. मग फोटोवाल्याला पेटीशेजारी उभं राहून, भिंगाची झडप उघडायचा रबरी फुगा हातात धरून, समोरच्या माणसाकडे सरळच बघावं लागतं. चुडामणनं काच बसवली, कपडा मागं टाकला. केस विस्कटलेले, कपाळ घामेजलेलं. लग्नानंतर त्यानं इतकं समोरून मालूकडे पाहिलं नव्हतं.

"तो टाक चमकते," तो म्हणाला. "काचेवर तेवढी जागा जळंन. काढ."

"काढायचा नसते. तुमच्याच मायनं बांधला."

"मग चोळीत सरकव."

"राहू द्या. चमकू द्या."

त्यानं फुगा उचलला. "हलू नको."

"नाव घ्या. मग नाही हलणार."

रस्त्यावरून टांगा गेला, घोड्याच्या टापा लांब जाईपर्यंत ऐकू आल्या. "मालू," चुडामण म्हणाला, आणि फुगा दाबला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चौकटीत काच आणि कागद घालून फोटो उमटायला अंगणात उन्हात ठेवले. कागद हळूहळू तांबूस होत गेला आणि त्यातून बाई वर आली. मालूच होती. भुवया जवळ आलेल्या, ओठ मिटलेले, डोळे थोडे घाबरलेले. गळ्याशी, टाकाच्या जागी, नुसता पांढरा डाग. तिथं चेहरा नव्हता, बाई नव्हती, तेवढा उजेड होता. चुडामणनं कागद हातात घेतला. त्याच्या तोंडावर क्षणभर जे आलं ते मालूनं बघितलं. बाजारात ओळखीची पाठ दिसावी, धावत जाऊन हाक मारावी, आणि वळलेलं माणूस परकं निघावं, तसं.

तरी त्यानं फोटोला चौकट केली आणि माजघरात देव्हाऱ्याच्या बाजूला लावली.

भादव्यात पितरांचा पंधरवडा आला. अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं, घरात सवाष्ण जेवायला येणार होती. मालू पहाटेपासून चुलीपुढं. भाजी, वडे, खीर, सगळं कमलसाठी. ताट वाढायच्या बेतात ती माजघरात आली आणि दारातच थबकली.

तिच्या फोटोला झेंडूचा हार होता. खाली उदबत्ती लावलेली. मथुराबाई हात जोडून पुटपुटत होती.

"आत्याबाई, हे काय?"

"चुडामणनं फोटो लावला म्हणे भिंतीवर. आज हात लावून पाह्यला, चौकट लागली. केला बापा एकदाचा त्यानं तिचा फोटो!" म्हातारीच्या धुरकट डोळ्यांत पाणी होतं. "पाह्य पोरी, कशी बसली हाय माही कमल."

मालूनं भिंतीकडे बघितलं. हाराच्या मधोमध तिचेच डोळे, उदबत्तीच्या धुराआड. आपण केव्हा गेलो, आणि हे चुलीपुढं कोण बसलं होतं, असा प्रश्न तिला खरोखरच पडला. तिनं गळ्याला हात लावला. टाक होता.

मागं चुडामण येऊन उभा राहिला होता. समोर हार, उदबत्ती, आज नवमी. त्याचे हात आपोआप उचलले गेले, छातीपर्यंत आले. मालू बघत होती. त्या दोन तळव्यांत राहिलेल्या अंतरावर तिचा सगळा संसार होता.

हात जुळले नाहीत. चुडामण पुढं झाला आणि त्यानं हार काढला.

"अरे, काहून काढतो?" उदबत्तीपुढची सावली हललेली मथुराबाईला जाणवली. "आज तिचा दिवस हाय!"

"माय, ही जित्ती हाय. ही मालू हाय."

म्हातारीनं जोडलेले हात सोडले. मग अगदी हळू म्हणाली, "मग तिचा कुठं हाय रे?"

हार दोन्ही हातांत धरून चुडामण इकडं तिकडं बघू लागला. देव्हाऱ्यात ठेवता येईना, खाली टाकता येईना. एवढ्या घरात त्या बाईला हार घालायला जागा नव्हती.

मालूनं त्याच्या हातून हार घेतला. ती पुढच्या खोलीत गेली. तिवईवर कॅमेरा उभा होता, वर चंद्रकळा पांघरलेली. कौलांतून पडलेल्या उन्हात ती काळीभोर दिसत होती, खांद्यांसारखी दोन्हीकडे उतरलेली. मालूनं तिला हार घातला, आणि घरच्या मोठ्या बाईच्या पडावं तशी वाकून पाया पडली.

"लागला का वं हार?" आतून मथुराबाईनं विचारलं.

"लागला, आत्याबाई."

"तिलेच ना?"

"तिलेच."

चुडामण दारात उभा होता. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

"मालू," तो म्हणाला, "ताट वाढ."

त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. मालूनं पहिला घास टाकाला दाखवला आणि मग ती जेवायला बसली. पुढं बरेच दिवस, फोटो काढायला आलेली माणसं बाहेर पडताना म्हणायची, तुमच्या दुकानात झेंडूचा वास येतो. मालू म्हणायची, येतो.