सरावाची पेशंट

हॉस्पिटलात तिला सगळे 'सोंगाडी मावशी' म्हणायचे आणि तिला त्याचं जराही वाईट वाटत नसे. उमेदीची सगळी वर्षं चौकशीच्या खिडकीमागे गेली. तिथे लोक तिच्यावर खेकसायचे, नाहीतर तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायचे. जेवणाच्या सुट्टीत ती आयांना पेशंटांच्या नकला करून दाखवायची. एक सुई बघूनच डोळे फिरवणारा, एक डॉक्टरलाच औषध सांगणारा, एक पोट दुखतंय म्हणून आलेला आणि खुर्चीवरून भांडत बसलेला. एकदा नक्कल ऐन रंगात असताना ट्रेनिंगचे साहेब मागे येऊन उभे राहिले. आया पांगल्या. पण साहेब डोळे पुसेपर्यंत हसले, आणि तिची खिडकी कायमची सुटली.

या हॉस्पिटलच्या शाखा शहरभर होत्या. कुठल्याही शाखेत न सांगता थडकायचं, छातीवर हात ठेवून कोसळायचं किंवा आजाऱ्याची भांडकुदळ नातेवाईक व्हायचं, आणि काउंटरवरची नवी पोरं कशी निभावतात ते बघायचं, हे तिचं नवं काम. नंतर वर्ग भरायचा. त्यात साहेब पाच वाक्यं बोलायचे आणि बाकीचं ही.

"नातेवाईक बोंब मारणारच," ती पोरांना सांगायची. "शिव्या देईल, देवाधर्माच्या शपथा घेईल. त्याच्या नादी लागायचं नाही. तुमचा आवाज चढला की तुम्ही हरलात."

खऱ्या डॉक्टरांना आणि खऱ्या स्ट्रेचरला सरावात गुंतवायचं नाही, असा साहेबांचा दंडक होता. त्यामुळे सगळं तोंडी चाले. 'डॉक्टरांना फोन केला, समजा.' 'स्ट्रेचर आलं, समजा.' पोरं भराभर म्हणून मोकळी व्हायची आणि मावशी खूश होऊन उठायची. यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्याही नाही.

घरी ती आणि थोरली बहीण, दोघीच. हिनं लग्न केलं नव्हतं. थोरली नवरा गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आली आणि भांडायला हक्काचं माणूस मिळालं म्हणून राहिली. तिला काहीच पसंत पडायचं नाही. उशी कडक, दिवा मंद, धाकटीचं चालणं घोड्यासारखं.

त्या सकाळी थोरलीच्या हातून कप निसटला. धाकटी फडकं घेऊन आली. "बघ, आता मला म्हण आंधळी," असं म्हणत तिनं वर पाहिलं आणि फडकं हातातच राहिलं. थोरलीचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. ती काहीतरी बोलत होती, पण शब्द नुसते लडबडत बाहेर येत होते.

हे तोंड धाकटीनं स्वतः किती वर्गांत करून दाखवलं होतं! मेंदूत गुठळी. वेळेत इंजेक्शन मिळालं तर माणूस सावरतं, उशीर झाला तर बोलणं जातं, हातपाय जातात, कधी माणूसच जातं. तिनं शेजाऱ्याला हाका मारमारून खाली बोलावलं. त्याच्या गाडीत थोरलीला कशीबशी घातली आणि जवळची शाखा गाठली. तिथल्या गेटवरच्या वॉचमननं गाडी दारात थांबू दिली नाही. शेजारी गाडी लावायला जागा शोधत दूर गेला आणि दोघी बहिणी आत आल्या. एक अर्धी चालत, दुसरी तिला ओढत.

काउंटरवर चिमणी होती. एवढीशी, चिवचिवी, म्हणून मावशीनंच तिचं नाव चिमणी ठेवलेलं. मावशीला बघताच ती ताठ झाली आणि शेजारच्या पोराला कोपरानं ढोसून पुटपुटली, "आली बघ. आज जोडीनं आलीय."

"चिमणे, स्ट्रेचर! माझी बहीण आहे, तोंड वाकडं झालंय!"

चिमणीनं छान हसून त्यांना खुर्च्या दाखवल्या. "बसा मावशी. घाबरू नका, आम्ही आहोत ना. कधीपासून होतंय?"

"आत्ता, कप धरता धरता. अगं, डॉक्टरांना बोलाव आधी!"

"डॉक्टरांना फोन केला, समजा."

मावशीनं जोरजोरानं मान हलवली. "समजा नाही गं! हे खरं आहे. खरंच सांगते!"

"मागच्या खेपेलाही असंच म्हणालात," शेजारचं पोरगं दात काढत म्हणालं. "ताईची शपथ घेतली होतीत. मी फसलो आणि वर्गात सगळ्यांसमोर माझी सालटी निघाली."

घेतली होती तिनं. हीच ती ताई, जी आता खुर्चीत एका अंगावर कलत चालली होती.

मावशी ओरडली. चिमणीचा आवाज आणखी मऊ झाला. मावशी रडली. चिमणीनं पाण्याचा पेला पुढे केला. मावशीनं टेबलावर हात आपटला, आईबाप काढले. तेव्हा पोरगं कौतुकानं म्हणालं, "काय काम करते राव ही बाई!" बाकांवरचे दोन पेशंटही मान वर करून मजा बघू लागले. ती जेवढा जीव तोडून सांगत होती तेवढी ती मंडळी निवांत होत होती. तिनंच तसं शिकवलं होतं त्यांना. ती आतल्या दाराकडे धावली, तर त्या दारावरचा वॉचमन आडवा झाला. "मावशी, आज मला नापास करू नका. नातेवाईकाला आत सोडायचं नाही, तुम्हीच सांगितलंय."

तिला वाटलं, याचा गळा धरावा. मागे थोरलीच्या घशातून घरघर ऐकू आली तशी ती परत फिरली. आता तिच्याकडे ओरडायलाही काही उरलं नव्हतं. तिनं टेबलावरून वाकून चिमणीचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "मी सोंग करतेय. बरं? मी खोटारडी. माझ्याकडे बघूच नकोस. तिच्याकडे जा."

चिमणी गोंधळली. मावशीनं आजवर कधी सोंग कबूल केलं नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून आली आणि थोरलीपुढे वाकली. "आजी, दोन्ही हात वर करा बरं." एक हात उठला. दुसरा चिमणीनं उचलला, सोडला, आणि तो ओल्या टॉवेलासारखा मांडीवर पडला. मग चिमणीचं लक्ष खाली गेलं. थोरलीचे कपडे भिजले होते, आणि खुर्चीखालून एक धार फरशीवर सरकत तिच्या बुटापर्यंत आली होती.

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टर!" ती किंचाळली. आवाज चढू नये हे सारं विसरून, छाती फुटेल अशी किंचाळली. "अरे बघतोस काय, स्ट्रेचर आण! खरी आहे! पेशंट खरी आहे!"

मग सगळं धावलं. वॉचमननंच दार सताड उघडलं. थोरली आत गेली आणि दार मिटलं.

मावशी त्याच ओल्या खुर्चीशेजारी बसून राहिली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गुठळीच आहे. इंजेक्शन देतोय. जरा आधी आणायला हवं होतं."

चिमणीच पुढे झाली, मान खाली घालून. "आणलं होतं, मॅडम. इथेच बसल्या होत्या. मला सराव वाटला."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्या लगेच आत गेल्या.

दुपार कलली तेव्हा मावशीला आत सोडलं. थोरली डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. उजवा हात अजून निर्जीव. नर्सनं पाठ टेकवून तिला बसतं केलं आणि चमचाभर पाणी भरलं. "गिळता आलं तर तोंडानं खाता येईल," ती मावशीला म्हणाली. "ठसका लागला तर नाकातून नळी. नंतर बोलतात का तेही बघायचंय. तुम्ही मध्ये बोलू नका."

चमचा ओठांत गेला. थोडं पाणी वाकड्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं. गळ्याची घाटी हलली नाही. मावशीनं पलंगाची कड घट्ट धरली. घाटी हलली. वर गेली, खाली आली. नर्सनं दोन बोटं गळ्यावर ठेवली आणि वाट पाहिली. ठसका आला नाही.

"आता बोला आजी. काहीही बोला."

थोरलीनं डोळे फिरवले, धाकटीला शोधून काढलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. ओठ दोनदा नुसतेच हलले. मग जड, चिकट, अर्धवट तुटलेला आवाज आला.

"गा... गार आहे."

"कोमट आणते हं," नर्स म्हणाली.

मावशी उठली, नर्सच्या हातून पेला घेतला आणि स्वतःच पाणी कोमट करायला निघाली.